मोजणी

वाघांब्यात पहाटे साडेचारला
झिपरू बागुलांनी दार वाजवलं नाही,
नुसते बाहेर खोकले.
मी बूट आवळले. त्यांच्या पायात
प्लास्टिकचे, टाचेला तारेनं शिवलेले.

खिंडीपर्यंत वाट अशी नव्हतीच, घसारा होता.
धरलेलं गवत मुळासकट हातात यायचं.
साल्हेर आणि सालोटा समोरासमोर,
आपण आत शिरल्यावर
बोलणं मध्येच तोडून बघणाऱ्या माणसांसारखे.

कातळातल्या पायऱ्या लागल्या तशी मी मोजू लागले.
सवय.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
तिकिटांचे ताव मोजले मी.
ओल्या स्पंजाची सुरकुती अंगठ्यावर अजून आहे.
एक ताव कमी भरला की गेट उघडायचं नाही,
अख्खी पाळी आत,
साडेपाचची बस बाहेर,
आणि मी पुन्हा एकपासून.

साठ. एकसष्ट. पायरी गुडघ्याएवढी.
एकशे चार. कानात रक्ताचा खलबत्ता.
एकशे चाळीस,
"मोजीसन काय करशात बाई?
त्या काय कमी व्हतीन?"

दुसऱ्या दरवाज्याच्या वर एक पायरी अर्धीच उरलेली.
ती धरायची की नाही?
मी थांबले. वारा थांबला नाही.

सिंधू पगारेची झडती झाली होती माझ्या मोजणीवरून.
तीन महिन्यांचं मूल घरी,
ब्लाउज दुधानं भिजलेला,
आणि ती हात वर करून भिंतीशी उभी.
रात्री आठला सापडलं :
दोन ताव दमटपणानं एकमेकांना चिकटलेले,
मी ते एक धरले होते.
गेट उघडलं. ती पळत गेली.
दुसऱ्या दिवशी डब्यातलं लोणचं
तिनं नेहमीसारखं पुढे केलं
आणि मी घेतलं.

त्यानंतरचे आकडे मला आठवत नाहीत.
हातानं चढले, कुठे कुठे बसून.

माथ्यावर परशुरामाचं एवढंसं देऊळ.
झिपरूंनी फडक्यातून नागलीची भाकर काढली,
खुरासणीची चटणी.
मांगी-तुंगी, मोरा, मुल्हेर, लांब धोडपची भिंत,
ते हनुवटीनं दाखवत गेले.
माझे पाय बसल्याजागी थरथरत होते.
तेवढ्यात खिशातला फोनही :
गुजरातमध्ये आपलं स्वागत आहे.
इतकं हसले मी, की चटणी ठसक्यात गेली.
त्यांनी पाण्याची बाटली दिली, पाठ फिरवली,
मला डोळे पुसायला वेळ दिला.
ठसका कधीच थांबला होता.

उतरताना गुडघे खरं बोलतात.
आडवी पावलं, बुडाखाली कातळ,
एकदा तर झिपरूंनी माझी टाच
स्वतःच्या हातानं खाचेत बसवली.

गावात पोचलो तेव्हा चुली पेटलेल्या.
मी नोटा पुढे केल्या, आमच्याच गावात छापलेल्या.
त्यांनी दुमडून खिशात टाकल्या.
"मोजून घ्या," मी म्हटलं.
ते बुटातला खडा काढत होते.
"मोजून घ्या ना," मी पुन्हा म्हटलं.