टोकाकडून

इंदुरात समुद्र नाही.
बायपासच्या अलीकडे एका शाळेचा तरणतलाव आहे,
चौदा फूट खोल,
आणि दर रविवारी सकाळी
त्याच्या तळाशी आम्ही पाचजण
पाठीवर सिलिंडर घेऊन गुडघे टेकून बसतो.
बाकीचे चौघे कॉलेजातले.
तौसीफ सर सत्तावीस वर्षांचे. म्हणाले,
‘मॅडम, सब ठीक है, बस ये बाल.’

कमरेखाली चार बोटं. बावन्नाव्या वर्षी अर्धे पांढरे.
पाण्यात उतरले की माझे राहत नाहीत.
वर जातात, पसरतात,
सिलिंडरच्या तोटीला वळसा घालून बघतात,
शेजारच्या मुलाच्या हाताशी ओळख काढतात.
पहिल्या रविवारी एकच केस
मास्कच्या रबराखाली अडकला
आणि त्या एका केसाच्या वाटेने
तलाव आत आला,
थेंब थेंब, नाकापर्यंत.

अंबाडा घातला, तर मास्कचा पट्टा बसेना.
एक वेणी घातली, ती सिलिंडरखाली दबली;
मान वळेना.
अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली, तेव्हा मुलं हसली.
पाण्याखाली हसू ऐकू येत नाही,
पण बुडबुडे मोजता येतात.

जाऊ म्हणाली, काप की.
या वयात एवढे केस कशाला.
(या वयात एवढं पाणी कशाला,
हे तिने मनात म्हटलं असावं.)

अप्पा मिलमध्ये होते, सूतखात्यात.
आई गेली तेव्हा मी सहावीत.
त्यांना भाकरी यायची, वेणी यायची नाही.
रात्रपाळी संपवून यायचे,
कानात बोळे, मिशीवर कापसाची लव,
आणि परदेशीपुऱ्याच्या त्या खोलीत
मला पाटावर बसवून
केस हातात घ्यायचे, सूत घेतात तसे.
‘गुंता मुळाशी सोडवायचा नसतो.
टोकाकडून यायचं.
वर मूठ आवळून धरायची, खाली सोडवायचं,
ओढ डोक्यापर्यंत पोचत नाही मग.’
कानामागून दोन वेण्या,
दर चार बोटांवर सुताची गाठ.
मुली म्हणायच्या, दोरखंड आला.
कोपऱ्यावर वळले की मी सगळं सोडून टाकायचे.
संध्याकाळी गुंता बघून ते काही बोलायचे नाहीत.
कंगवा मागायचे.

आज पहाटे केस आधी नळाखाली चिंब केले,
आत साधं पाणी मुरलं की
क्लोरीनला फारशी जागा उरत नाही.
दोन वेण्या. दर चार बोटांवर गाठ.
शेंडे जॅकेटच्या आत.
कपाळावरच्या चुकार बटांवर
अप्पांचा काही इलाज नव्हता;
तिथे नवऱ्याच्या जुन्या बनियनची पट्टी.

चौदा फूट. मास्क कोरडा.
मग सरांनी खूण केली:
काढा. आणि परत घाला.

डोळे मिटले. गार पाणी पापण्यांवर.
मास्क चढवला,
रबराच्या कडेने बोट फिरवत गेले,
कपाळ, कानशील, गालाचं हाड.
चालत्या चात्यांवर तुटला धागा
नजरेला नाही, बोटाला सापडतो, असं कोणीतरी म्हणायचं.
डाव्या भुवईवर सापडला.
पांढरा असणार. ओढून बाजूला केला,
नाकातून जोरात श्वास सोडला
आणि तलाव बाहेर गेला.

वर आल्यावर सरांनी विचारलं,
‘ये चोटी किसने सिखाई?’
म्हटलं, मिलने.
त्यांना कळलं नाही. त्यांच्या जन्माआधीच
भोंगा बंद झाला होता.

फेब्रुवारीत अंदमान. तिथलं पाणी खारं,
खाऱ्या पाण्यात सुताच्या गाठी आवळतात की सुटतात,
कोणाला विचारू?

आता दुपार. गच्चीत बसलेय, कंगवा मांडीवर.
खांदे भरून आलेत.
नवरा म्हणतो, दे इकडे,
आणि थेट मुळाशी हात घालतो.
अरे,
खालून.