पालथा हात

इनास म्हणाला, सहासष्ट.
सहासष्ट डिग्री, तासभर.
एक खाली चालेल, दोन वर अजिबात नको.

मी उद्यमबागेत बावीस वर्षं भट्ट्यांची पॅनलं बांधली.
तिथं चौदाशेला लोखंड पाण्यासारखं हलतं,
दहा-वीस इकडंतिकडं कोण मोजतंय.
सहासष्ट म्हणजे
बशीत ओतून फुंकर मारायच्या आधीचा चहा.

कॅम्पात, त्याच्या मागच्या पडवीत
दुधाचा पन्नास लिटरचा कॅन, बुडाशी भोक पाडलेला,
भोकात हीटर, साडेचार किलोवॅट.
शेजारी सातूचं पोतं, मोड आणून वाळवलेला, भरडलेला.
पहिल्यांदा बिअरच्या कामाला आलो
आणि वास आला बाळाच्या नाचणी-सत्त्वाचा.
मी पीत नाही. इनासनं विचारलंही नाही.

डबा वडगावच्या भंगारातला,
मोडीत निघालेल्या मागावरचा.
झाकण उघडलं तर कोपऱ्यात अजून सुताचा कोंडा,
जांभळा.
कुणाच्या तरी इरकलीच्या काठाचा असणार.
फुंकून काढला. सगळा नाही निघाला.

कॉन्टॅक्टर. एमसीबी. तापमान धरणारा कंट्रोलर,
बंगळूरहून मागवलेला, काडेपेटीएवढा,
त्याच्यामागं पत्र्याच्या पंखांवर बसवलेला रिले,
जो आवाज न करता चालू-बंद होतो
आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास नाही.
त्याच्या आधी कॉन्टॅक्टर घातला.
टक् म्हणतो तो, तेवढं कानाला बरं.

"तिसरी तार कशाला?" इनास. "दोनवर पेटतंय की."

यल्लाप्पा हुंदरे शिकवायचा,
कुठल्याही धातूला आधी हाताची पालथी बाजू लाव.
तळहात लावलास तर करंट मूठ वळवतो,
आणि त्यानं वळवलेली मूठ तुझी नसते.
पालथा हात झटका खाऊन मागं येतो.
बस्स, एवढीच विद्या.

यल्लाप्पा करंटनं नाही गेला. साखरेनं गेला,
सिव्हिलमध्ये, खिडकीकडच्या खाटेवर.
मी त्याच्या कपाळाला हात लावला
तोही पालथाच.
ताप बघतात तसा.
धरायला पाहिजे होता त्याचा हात, हे
बसस्टँडवर आल्यावर सुचलं.

पेरूच्या झाडाजवळ तांबड्या मातीत
मी आणि बसलिंगनं कमरेएवढा खड्डा काढला.
तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, परत मीठ.
इनास दारात उभा,
"अरे, बिअर करायची आहे, पाया भरायचा नाही."
हिरवी तार मी स्वतः ओढून आणली,
कॅनच्या कानाला नटबोल्टानं आवळली,
मग पुन्हा आवळली.

राहिली बटणांवरची नावं.
बसलिंगनं मार्कर उघडला, कानडीत पंप लिहायला.
मी म्हटलं, मराठीत लिही.
इनास म्हणाला, घर माझं आहे, रोमीत लिहा.
तिघं एकमेकांकडं बघत राहिलो.
या गावात पाट्यांवरून काय काय झालंय
ते तिघांनाही पाठ.
आकडे घालायचे तर आकडेही कुणाचे?
शेवटी बसलिंगनं नेलपॉलिशनं ठिपके दिले,
एक ठिपका हीटर, दोन पंप, तीन सगळं बंद.
नेलपॉलिश इनासच्या बायकोचं.
ती अजून शोधते आहे.

रविवारी सुरू केलं. चौसष्ट, पासष्ट,
सहासष्टवर आकडा असा थांबला
की मी उगीचच डब्यावर टिचकी मारली.
अठ्ठावीस मिनिटं झाली आणि हेस्कॉमनं वीज नेली.

इनासनं आतून वाकळ आणली,
आईची, जुन्या लुगड्यांची,
कॅनभोवती गुंडाळली, सुतळीनं बांधली.
काळोखात बोलायला काही नव्हतं.
थंड होतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मी हात पुढं केला. पालथा.
मग सुलटा करून
अख्खा तळवा वाकळीवर ठेवला.
ऊब सावकाश आली, टाक्यांच्या रेघांतून.

किती वेळ ते माहीत नाही.
डब्यात टक् झालं. वीज आली.
हात तिथंच होता.