पाच विसा

पोस्टरवर पिवळ्या चेहऱ्याची बाई आहे,
डोळ्यांत बुबुळं नाहीत.
खाली लिहिलंय : सत्य घटनेवर आधारित.

ती घटना मीच सांगितली होती,
हरिपूरच्या रस्त्यावर, भडंगाच्या पुड्यासोबत,
त्या चष्मेवाल्या पोराला.
त्यानं चहाचे पैसे दिले आणि विचारलं,
बाई दिसायला कशी होती?

कशी असणार.
हौसाक्का लोंढे. हळदीच्या हंगामात
पिवळी व्हायची, ती आषाढापर्यंत उतरायची नाही.
नखं, टाचा, पदराचा काठ,
भाकरीवर उठलेली बोटंसुद्धा पिवळी.
आम्ही पोरं तीच भाकरी खायचो.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला रांजण.
तोंड एवढंसं, की माणसानं अंग चोरून उतरावं.
आत वीस फूट अंधार
आणि तीन-तीन वर्षं झाकलेली हळद.
तिथली वाईट हवा दिसत नाही, तिला वास नाही.
तिचा नवरा ज्ञानू झाकण काढल्या काढल्या उतरला.
व्यापाऱ्याची गाडी उभी होती, घाई होती.

त्यानंतर गावात कुणाचंही पेव फुटलं
की ही बिनबोलावता हजर.
दोरीला कंदील बांधून हळूहळू सोडायची,
काठावर पालथी पडून मोजायची.
शंभर तिला येत नव्हते.
एक वीस झाली की एक हळकुंड बाजूला.
पाच हळकुंडं होईतो ज्योत जगली
तर हमालाच्या पाठीवर थाप, जा.
विझली, तर मालकाच्या बापाला ऐकायची नाही.

सिनेमात ती खालून मोजते.
शंभर झाले की एक हात वर येतो
आणि माणसाला घेऊन जातो.
आवाज मात्र बरा काढलाय, घोगरा.

काल सांगलीत शेवटचा खेळ बघितला.
शेजारच्या पोरीनं ओढणीत तोंड लपवलं.
हीरो टॉर्च घेऊन पेवात उतरायला लागला.
टॉर्चला काय कळतंय.
खालून मोजणी चालली होती,
अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं,
सगळं थेटर वळून बघायला लागलं :

थांब की रे बाबा,
अजून दोन विसा हायत.