सोडण

नारळ सोलला की उरतं ते सोडण.
आमच्यात ते न्हाणीच्या चुलीत जातं,
नाहीतर गडग्याच्या कडेला पडून कुजतं.

मेहरून पेचकर म्हणाली, मला चार पोती हवीत.
एमएस्सीची पोरगी.
मी प्रयोगशाळेत नळ्या धुणारा.
डोक्यावरून पोती मीच आणली,
वर भाताचं तूस, शिवाय काजूची टरफलं.
टरफलांच्या चिकानं दोन बोटं सोलली
ती अजून गुळगुळीत आहेत.

खाडीचं पाणी पिंपात ओतलं.
तोटीतून आलं ते चहासारखं,
आधीपेक्षा वाईट.
मी म्हटलं, झालं!
ती हसली नाही.
सोडण आधी स्वतःचा रंग सोडतं, म्हणाली.
सात वेळा धुतलं. आठव्यांदा उकळलं.
करवंट्या कोंडून जाळल्या, कोळसा कुटला,
आणि थर लावले,
आई सुक्या बांगड्यांना मीठ लावत
डबा भरते तसे.

नळीत दोन थेंब टाकायचे;
क्रोमियम असेल तर पाणी जांभळं होतं.
पहिल्या दिवशी झालं
जांभळं खाल्लेल्या जिभेसारखं.
मग फिकट.
मग बराच वेळ आम्ही नळी उजेडाला धरून उभे,
आणि रंग काही येईना.

दर नारळी पुनवेला आम्ही
खाडीला सोललेला नारळ दिला.
सोडण घरी ठेवलं.

संध्याकाळी बाबा आला,
धाकू पड्याळ, खांद्यावर पाग, पागात तीन बोयटी.
पिंपाकडे बघितलं, नळीकडे बघितलं.
वरचे लोक रात्री पाणी सोडतात
ते त्याला वासावरून कळतं, घड्याळ लागत नाही.
म्हणाला, बरं.
मग त्यातलं विष गेलं कुठं?

मेहरूननं पोत्याकडे बोट केलं.
नाव सोडण,
आणि सोडत नाही.

जाळायचं नाही, धूर होईल.
माडाच्या आळ्यात नको.
पुरायचं नाही, विहीर जवळ आहे.
तिनं वहीत लिहिलं: "पुढे काय?"
खाली दोन रेघा मारल्या.

चाळीस लिटर पाणी.
बाहेर भरती चढत होती,
तिला लिटर माहीत नाहीत.

बाबानं पोतं उचलून बघितलं.
हलकंच आहे, म्हणाला,
आणि ते हातात धरून
उभाच राहिला,
खाली कुठं ठेवू,
असं माझ्याकडे बघत.