दाराच्या आतल्या बाजूला

रुवीत शुक्रवारीच आमचा रविवार.
पहाटेपासून मल्याळी, कोंकणी, तगालोग,
आणि महिन्यातून एकदा, दुपारी अडीचला,
ऊन उघड्या डोंगरावरून थेट पार्किंगमध्ये उतरलेलं असताना
आमची मिस्सा. वसईचे साठ-सत्तर जण,
आपापल्या गावच्या हेलात प्रार्थना म्हणणारे.

माझं काम लहान.
वेदीवरची वस्त्रं, फुलदाण्यांतलं पाणी,
आणि बायकांच्या टॉयलेटात, दाराच्या आतल्या बाजूला,
कडी लावली की डोळ्यांसमोर येईल असा
एक कागद चिकटवणं.
वर तीन लिपींत एकच प्रश्न : घरी जायची भीती वाटते?
खाली झालरीसारख्या कातरलेल्या बारा पट्ट्या.
पट्टीवर फक्त नंबर, आणि त्याच्याआधी
'शिवणकाम'.

आधी आम्हांला हे सुचलं नव्हतं.
आधी आम्ही जसिंताला ऑफिसात बोलावलं,
आणि सेवेरिनलाही. समोरासमोर खुर्च्या,
मध्ये चहा, बशीत ग्लुकोजची बिस्किटं.
सेवेरिन मिस्सेत पहिलं वाचन करायचा.
आवाज असा, की त्याने 'वाळवंट' म्हटलं
तरी तहान भागावी.
तो रडला. तिचा हात हातात घेतला.
आणि मी तिला म्हणाले
(हे वाक्य माझंच, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही)
बाई गं, ज्याला त्याला आपापला क्रूस असतो.
ती हसली. ओठ पुरता उघडत नव्हता.

घर वाडी कबीरला, गाडीने जेमतेम दहा मिनिटं.
लिफ्टपर्यंत तो एक शब्द बोलला नाही,
असं तिने पुढे कधीतरी सांगितलं.
व्हिसा त्याच्या नावावर. पासपोर्ट त्याच्या कपाटात.
गावी फोन केला तर आई विचारायची,
जेवलात का दोघं?

पुढच्या महिन्यात वाचन त्यानेच केलं.
तिची जागा रिकामी होती.
आणि वाचन संपल्यावर आम्ही सगळ्यांनी
सवयीने
देवाला धन्यवाद म्हटलं.

फादर एलायस त्या दिवशी प्रवचनात अडखळले.
कागद दुमडून खिशात घातला.
म्हणाले, एका बाईला मारणाऱ्याच्या समोर बसवून
मी तिला म्हणालो, खरं सांग.
लग्नाची वचनं मी काल पुन्हा वाचली.
मार खायचं वचन त्यात सापडलं नाही.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
दोन कुटुंबं उठून गेली. त्यातलं एक परत आलं.
सेवेरिन जागेवरच बसून होता,
हातातलं पुस्तक बंद करायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर सिस्टर अविताने धर्मशिक्षणाच्या वर्गामागची खोली
खडू-फळे हलवून मोकळी केली.
एक गादी, एक कढई, आतून लागणारी कडी.
जसिंता तिथे एकोणीस रात्री राहिली.
वकिलातीच्या फेऱ्या, नवा कागद, तिकिटासाठी
दानपेटीतून निघालेल्या नाण्यांची मोजदाद.
विमानतळावर तिनेच सांगितलं, माझ्या कानाशी :
नंबर द्याल तर असा द्या,
पर्समध्ये सापडला तरी शिंपिणीचा वाटेल.
डाव्या हाताची करंगळी तिची अजून वाकडीच.
गिरीजला त्याच हाताने ती कापड धरते, मशीनवर.

आज मिस्सेनंतर पट्ट्या मोजल्या.
अकरा.
मी कुणाच्या पर्सकडे बघितलं नाही. एवढं शिकलेय.

रात्री फोन वाजला. पुरुषाचा आवाज.
हा नंबर कुणाचा?
मी वही उघडली, खरोखरची वही, आणि म्हटलं,
ब्लाउज साडेतीन रियाल, अस्तराचा अर्धा रियाल वर.
तो गप्प. त्याच्या मागे कुठेतरी
नळ सोडला कुणी, आणि लगेच बंद केला.
बाहीचं माप फोनवर नाही घेता येत, दादा,
मी म्हणाले. तिला पाठवा.
शुक्रवारी. चर्चच्या मागच्या दाराने.
ट्रायलची खोली अगदी छोटी आहे,
तेव्हा एकटीलाच.