तीन मिनिटं

माझं नाव एफी ब्लँडफर्ड.
एकोणीस हिवाळे बर्फाचा नांगर चालवतेय,
हॅरिक्स आर्मपासून पुलापर्यंत, आणि परत.
आमच्या नांगरामागून कुणी पेरत येत नाही;
येते दुधाची गाडी, शाळेची बस,
क्वचित पाद्री.

इथपर्यंत कागदावर होतं.
कागद जेराल्डीनचा, नीट टाइप केलेला:
आधी नाव, मग काम, मग आजार, शेवटी आशा.
"आशा गाळू नकोस, एफी.
आशा दिसली नाही तर समिती खिसा सोडत नाही."

सेंट जॉन्सहून आलेले चौघे
चर्चच्या हॉलमध्ये, आमच्याच खुर्च्यांवर,
आमचाच चहा पीत बसले होते.
पोस्टामागच्या खोलीत दर मंगळवारी येणारी
एकुलती समुपदेशक
यापुढे ठेवायची की नाही, ते ठरणार होतं.
माणशी तीन मिनिटं.

मी सांगितलं.
फेब्रुवारीत एका रात्री भर रस्त्यात गाडी थांबली.
पातं खाली, पिवळा दिवा वर गरगरत,
आणि हाताला म्हटलं गिअर टाक,
तर हात जणू शेजारणीचा.
चार तास.
रडू नाही, काही नाही. काच आतून गोठत गेली.
गावाला कळलं ते रस्ता पांढरा राहिला म्हणून.
सात फोन आले ऑफिसात. सातही रस्त्याबद्दल.
मग हेडली चालत आला, दार उघडून शेजारी बसला,
थर्मासचं झाकण भरून माझ्या हातात दिलं
आणि हवामानावर बोलत राहिला, उजाडेपर्यंत.

मग इस्पितळ, मग गोळ्या, मग मंगळवार.
आणि आता, कागदात म्हटल्याप्रमाणे,
मी पुन्हा कामावर आहे.

चौघांतला एक हसला, अगदी मनापासून.
"म्हणजे तुम्ही आता बऱ्या आहात.
मंगळवारची गरज संपलीच म्हणायची."
माझी आशा त्याने उचलली
बशीतलं बिस्कीट उचलावं तशी.

एक मिनिट उरलं होतं.
मी कागद पालथा घातला.
म्हटलं, पुलाचा उत्तरेकडचा कठडा वाकलाय ना,
तो बर्फाने नाही वाकला.
मी वाकवलाय. आदल्या डिसेंबरात. मुद्दाम.
तो तुटला नाही, एवढंच.
अहवालात 'रस्ता निसरडा' हे मीच लिहिलं.

हॉलमध्ये चहाचं भांडं तेवढं खदखदत होतं.
मागच्या रांगेत माझा मुलगा. त्याने टोपी काढली,
पुन्हा घातली.
घंटी वाजवायचं कुणालाच सुचलं नाही.

बाहेर काचेवरचा बर्फ खरवडत होते
तेव्हा अँब्रोस टक आला. चाळीस वर्षांत
मान हलवण्यापलीकडे त्याने मला काही दिलं नव्हतं.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"माझा, धक्क्यावरचा तिसरा खांब."
आणि गेला.

समितीचं पत्र अजून आलेलं नाही.
जेराल्डीन म्हणते, शेवट बिघडवलास.
असेल.

त्या रात्री, सोमवार होता, गुडघाभर पडला.
अँब्रोसची गल्ली माझ्या यादीत नाही, कधीच नव्हती.
पहाटे चारला पातं तिकडे वळवलं.
त्याच्या स्वयंपाकघरात दिवा होता.
त्याच्या दारापासून पोस्टामागच्या खोलीपर्यंत,
एका दमात.