ठसा

सेलूत मे महिन्यात क्ले हातात घेण्याआधीच मऊ.
पिशवीत बांधून माठाला टेकवून ठेवते मी,
तरी दुपारच्या वर्गाला ती लोण्यासारखी बोटांना लागते.
पहिल्याच दिवशी सांगते सगळ्यांना,
बोटांचे ठसे राहू देऊ नका,
गिऱ्हाईक झुमका उलटा करून बघतं.

कौतिकाबाई चटईच्या कडेला बसतात.
तीस वर्षं कापूस वेचला.
रेशनच्या मशीनला त्यांचा अंगठा सापडत नाही;
पुसून, तेल लावून, पुन्हा पुसून,
तीन खेपा रिकाम्या.

आज त्यांनी हुरड्याच्या दाण्याएवढे मणी वळले, तसेच हिरवे.
अठराव्या मिनिटाला लाईट गेली.
ओव्हन गार होईस्तोवर बायका पदरानं वारा घेत राहिल्या,
कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला, संपला.
मग पुन्हा तापवलं सगळं.

एका मण्यावर रेघा,
बारीक, वळत गेलेल्या.
मी पॉलिशपेपर उचलला.
"ह्या कोनाच्या वो, मॅडम?"
"तुमच्याच."
त्यांनी मणी खिडकीशी नेला,
उजेडात फिरवला.
"हाय की मंग,"
म्हणाल्या, जरा मोठ्यानंच,
आणि कनवटीला खोचला.

परभणीच्या ऑर्डरीत
एक मणी कमी भरला.